स्वच्छ इंदुरात टीबी कसा? पत्ता, हवा आणि शरीर यांचा हिशेब

2017 पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर सतत अग्रस्थानी राहिलं आहे. कचरागाडी रोज दारात येते, ओला-सुका कचरा वेगळा होतो, सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत खाण्याची गर्दी असते आणि सकाळी तिथे कागदाचा कपटा दिसत नाही. अशा शहरात घरातल्या कुणाला टीबी निघाला की पहिला प्रश्न येतो: आम्ही इतके स्वच्छ राहतो, मग हा आला कुठून?

प्रश्न रास्त आहे. पण रस्त्याच्या स्वच्छतेचा टीबीशी जवळजवळ संबंध नाही. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यात वाढतात. तिथे नळ, गटारं आणि झाडू कामाला येतात. टीबी मात्र बंद खोलीतल्या हवेतून येतो. फरशी आरशासारखी असली आणि खिडकी बंद असली तरी त्याचं काम होतं.

भारताने जगाच्या पाच वर्षं आधी, म्हणजे 2025 पर्यंत, टीबी संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते गाठता आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2015 साली देशात दर लाख लोकांमागे वर्षाला 237 नवे रुग्ण होते, 2024 साली 187. घट खरी आहे आणि मेहनतीने मिळवलेली आहे, तरीही जगातल्या दर चार नव्या रुग्णांपैकी साधारण एक आजही भारतातला असतो.

शहरातला धोका समजून घ्यायचा तर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायला हवेत. जंतू कुणाच्या श्वासात जातो? आणि गेल्यावर कुणाच्या शरीरात तो डोकं वर काढतो? पहिल्याचं उत्तर बरंचसं जागेत सापडतं, दुसऱ्याचं शरीरात. टीबीबद्दलचे बहुतेक गैरसमज हे दोन प्रश्न एकात कालवल्यामुळे होतात.

जंतू हवेत कसा राहतो

फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, मोठ्याने बोलतो, गातो, तेव्हा तोंडातून तुषार उडतात. मोठे थेंब खाली पडतात आणि त्यांचा धोका तिथेच संपतो. अगदी बारीक तुषार हवेतच वाळतात आणि एक ते पाच मायक्रॉनचे कण उरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कण इतके हलके असतात की तासन् तास तरंगतात, आणि इतके लहान की श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात.

देवघरातली उदबत्ती आठवा. दारंखिडक्या बंद असतील तर ती विझल्यावरही बराच वेळ घरभर वास राहतो. तीच गच्चीवर लावली तर दोन हातांवरच्या माणसालाही जेमतेम जाणवते. टीबीचे कण असेच वागतात, फक्त त्यांना वास नसतो.

हे अनुमानावर सोडलेलं नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या खोलीत नेली आणि तिथे ठेवलेल्या गिनीपिगांना तीच हवा दिली. रुग्णांचा आणि त्या प्राण्यांचा कसलाही स्पर्श नव्हता, तरी त्यांना संसर्ग झाला. त्याच हवेवर आधी अतिनील किरण सोडले, तेव्हा दुसऱ्या गटातले प्राणी वाचले. आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली: वॉर्डातल्या मोजक्याच रुग्णांमुळे बहुतेक प्राण्यांना संसर्ग झाला होता. सगळे रुग्ण सारखे संसर्गजन्य नसतात. सर्वात धोकादायक तो, ज्याचं निदानच झालेलं नाही आणि जो खोकत आपल्या कामाला जातो आहे.

यातून घरातले काही वाद लगेच मिटतात. ताट-वाटी, कपडे, चादर, हस्तांदोलन यांतून टीबी पसरत नाही. मानेत गाठ असलेला किंवा मणक्याचा टीबी, फुप्फुसात आजार नसेल तर, दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचं ताट वेगळं करून त्याच्यासोबत रात्री खिडकी लावून झोपणं म्हणजे निरुपद्रवी गोष्टीला घाबरणं आणि धोक्याच्या गोष्टीला मोकळीक देणं.

संसर्ग आणि आजार एक नव्हेत

जंतू शरीरात शिरला, पण प्रतिकारशक्तीने त्याला कोंडून ठेवलं, तर त्याला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, तो कुणाला काही देत नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी 31.4 टक्क्यांमध्ये संसर्गाची खूण सापडली. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरा प्रौढ.

या सगळ्यांना आजार होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी 5 ते 10 टक्क्यांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि पहिली दोन वर्षं सर्वात जोखमीची असतात. म्हणूनच नुकत्याच निदान झालेल्या रुग्णाच्या घरच्यांची तपासणी इतकी महत्त्वाची ठरते. त्यांचा संसर्ग ताजा असण्याची शक्यता जास्त.

खोली किती मोठी, माणसं किती, तास किती

जागेचा धोका मोजायला तीन आकडे पुरतात: खोलीत किती हवा आहे, ती तासाला किती वेळा बदलते आणि तिथे आपण किती तास असतो.

दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण साडेपंचवीस घनमीटर हवा मावते. खिडकी बंद, दार लावलेलं, चार माणसं झोपलेली. अशा खोलीची हवा तासाला एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा बदलते. तासाला दोनदा बदलली तर हवेतले 99 टक्के कण निघून जायला 138 मिनिटं लागतात. सहा वेळा बदलली तर 46 मिनिटं, बारा वेळा बदलली तर 23. आणि हा हिशेब नवे कण येणं थांबलं असेल तरचा. खोकणारा माणूस खोलीतच असेल तर कण वाढतच राहतात.

पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांमध्ये संशोधकांनी सत्तर खोल्यांची हवा मोजली. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या पूर्ण उघडल्यावर हवा तासाला सरासरी 28 वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेचणाऱ्या महागड्या खोल्यांमध्ये हाच आकडा 12 होता. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींमध्ये तो 40 पर्यंत गेला, नव्या बांधणीच्या इमारतींमध्ये 17 वर अडला. रामबाग किंवा जुन्या इंदुरातल्या चौक असलेल्या वाड्यांची उंच छतं आणि समोरासमोरची दारं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. त्याच वाड्यांच्या खोल्या पार्टिशन घालून भाड्याने दिल्या, चौकावर पत्रा टाकला, की तो फायदा संपतो. बाहेरून वाडा तोच दिसतो, आतली हवा मात्र अडलेली असते.

मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींनी आणखी कडू धडा दिला. झोपडीतून पक्क्या फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबांत टीबी मोठ्या प्रमाणावर आढळला. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर होतं, आणि खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचत होतं ना वारा. ऊन महत्त्वाचं, कारण थेट सूर्यप्रकाशात हे जंतू फार टिकत नाहीत. म्हणून स्वस्त घरांच्या योजनेत फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याने दोन इमारतींमधलं अंतरही विचारावं. हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो नकाशा मंजूर होतानाच सुटतो किंवा अडतो.

घरात काय करता येईल? छताचा पंखा हवा फक्त ढवळतो, बाहेर काढत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही. एक्झॉस्ट पंखा मात्र हवा खरोखर बाहेर फेकतो. आधी सांगितलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत तासाला बारा वेळा हवा बदलायची तर ताशी 300 घनमीटर खेचणारा पंखा लागेल. तो बसवताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, हवा आत यायला वाटच ठेवत नाहीत. दार घट्ट लावलं की पंखा नुसता गरगरतो. दुसरी, पंखा उघड्या खिडकीच्या शेजारीच बसवतात. मग खिडकीतून आलेली हवा तिथल्या तिथे बाहेर जाते आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे माणूस झोपतो, काहीच बदलत नाही. पंखा एका भिंतीला, आत येणारी वाट समोरच्या भिंतीला, आणि शक्यतो रुग्णाची खाट पंख्याच्या बाजूला.

मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे 38,000 ते 40,000. बंद वर्गात आकडा 2,500 दाखवत असेल, तर त्या वर्गातल्या प्रत्येक श्वासातली सुमारे साडेपाच टक्के हवा दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते. 1,000 वर ती दीड टक्का असते. मापन करताना गॅसची शेगडी बंद ठेवा, नाहीतर तिचाही वायू आकड्यात मिसळतो.

पत्ता घराचा, संसर्ग कुठला?

ज्या शहरांत टीबी खूप आहे तिथे वेगवेगळ्या रुग्णांच्या जंतूंची जनुकीय ठेवण ताडून पाहिली गेली. प्रौढांना झालेला बहुतांश संसर्ग घराबाहेरचा निघाला. लहान मुलांचं उलट. त्यांना तो बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून मिळतो.

इंदुरात हे डोळ्यांपुढे आणणं कठीण नाही. भंवरकुआँ परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं एसीच्या वर्गात तासन् तास खांद्याला खांदा लावून बसतात, मग चौघांच्या खोलीत झोपतात, आणि पैसे वाचवायला एक वेळचं जेवण पोह्यांवर भागवतात. तयार कपड्यांच्या छोट्या कारखान्यांत कारागीर दिवसा जिथे शिवतात तिथेच रात्री अंथरूण टाकतात. पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांकडे भरलेल्या गाड्या जातात. शहरातली उघड्यावरची ठिकाणं, म्हणजे भाजी मंडई, छप्पन दुकानची गर्दी, राजवाड्यासमोरचा चौक, तुलनेने कमी धोक्याची आहेत, कितीही गजबजलेली वाटली तरी. डोक्यावर आकाश असलं की कण विरून जातात. बसमध्येही बंद काचा आणि लांबचा प्रवास यांची चिंता करावी. काच उघडी ठेवून वीस मिनिटं गेलेल्या सिटी बसची नाही.

दवाखान्याचं प्रतीक्षालय विसरू नका. खोकणारी माणसं जिथे मुद्दाम एकत्र येतात अशी ती जागा. खोकणाऱ्याला दारातच मास्क देणं, रांगेत पुढे घेणं आणि बाक व्हरांड्यात ठेवणं एवढं कुठल्याही छोट्या क्लिनिकला जमतं आणि ते करायलाच हवं.

शरीर कधी हार मानतं

आता दुसरा प्रश्न. एकाच खोलीत राहिलेल्या पाच जणांपैकी एकालाच आजार का होतो?

आपल्या देशात सर्वात मोठं कारण कुपोषण आहे. त्याने धोका साधारण तिपटीने वाढतो. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, 18.5 च्या खाली असेल तर माणूस कमी वजनाचा धरतात. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन 47 किलोच्या खाली गेलं की ती या गटात येते. अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित उत्तर असं की बीएमआय एका अंकाने वाढला की टीबीचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी उतरतो.

झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. 2023 साली निकाल प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा दिला, माणशी रोज सुमारे 750 कॅलरी आणि 23 ग्रॅम प्रथिनं जास्त मिळतील एवढा. ज्या कुटुंबांना तो मिळाला त्यांच्यात नव्या टीबीचं प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी कमी राहिलं. धान्य आणि डाळ यांनी लशीसारखं काम केलं, हे वाचूनही आपण पोषणाला दुय्यम मानत असू तर ते चूक आहे.

खात्यापित्या घरांनी मात्र मधुमेहाकडे पाहावं. मधुमेहाने धोका दुप्पट ते तिप्पट होतो, आणि साखर ताब्यात नसेल तर आणखी. इथे एक व्यावहारिक अडचण आहे. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे औषध ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. म्हणून टीबीचा उपचार सुरू झाला की साखर पुन्हा पुन्हा तपासावी आणि डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवावी. गर्भनिरोधक गोळ्यांचाही परिणाम याच औषधाने घटतो. हे बायकांना अनेकदा कुणी सांगतच नाही.

धूम्रपानाने धोका साधारण दुप्पट होतो. दारूच्या व्यसनाने त्याहून जास्त, आणि त्यात जागेचीही भर पडते, कारण पिणं बहुधा कोंदट जागेत, त्याच त्या मंडळींबरोबर होतं. एचआयव्हीचा उपचार चालू नसलेल्यांमध्ये धोका कित्येक पटींनी मोठा असतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, संधिवातासाठी जैविक औषधं (प्रतिकारशक्ती दाबणारी, बायोलॉजिक म्हणतात ती) घेणारे, डायलिसिसवर असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, पाच वर्षांखालची मुलं आणि ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला आहे, हे सगळे याच यादीतले.

दगडाची धूळ: माळव्याने जवळून पाहिलेली गोष्ट

मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींचा धंदा आणि तिथल्या कामगारांचा सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हे माळव्याला नवं नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार इथले आदिवासी मजूर गुजरातेत गोधरा-बालासिनोर पट्ट्यातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि फुप्फुसं गमावून परतले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मृत मजुरांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला.

दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसातल्या, जंतू गिळणाऱ्या पेशींनाच मारते. पहारेकरी गेल्यावर टीबीचा जंतू मोकळा सुटतो. काम सोडून वर्षं झाली तरी हा धोका जात नाही, कारण धूळ आतच राहते. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस आणि टीबी पुष्कळदा सारखे दिसतात. मग नुसता सिलिकोसिस असलेल्याला टीबीची औषधं पुन्हा पुन्हा दिली जातात, किंवा दोन्ही असलेल्यातला एक आजार सुटतो. म्हणून उपचाराला आलेल्या मजुराला "आधी काय काम करत होतात?" हे विचारलंच पाहिजे.

शहरात ग्रॅनाइट आणि टाइल कापणारे कारागीर याच धोक्यात आहेत. कोरड्या ग्राइंडरने कापणं सर्वात वाईट. पात्यावर पाण्याची धार ठेवली तर धूळ तिथेच बसते. नाकावर बांधलेला गमछा सिलिकेचे बारीक कण अडवत नाही. एन-95 किंवा त्याहून वरचा मास्क लागतो, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला.

नकाशावरचे लाल ठिपके काय सांगतात

रुग्णांचे पत्ते नकाशावर टाकले की काही भागांत ठिपक्यांची दाटी दिसते. अशा भागाला हॉटस्पॉट म्हणतात. मोबाइल एक्स-रेची गाडी कुठे पाठवायची हे ठरवायला तो नकाशा फार उपयोगी असतो. पण तो वाचताना घाई झाली तर वस्त्यांची नाहक बदनामी होते.

पहिली सावधगिरी लोकसंख्येची. समजा एका वॉर्डात 120 रुग्ण आणि 60,000 लोक आहेत, दुसऱ्यात 60 रुग्ण आणि 15,000 लोक. ठिपके पहिल्यात दुप्पट, पण लाखामागे प्रमाण पहिल्यात 200 आणि दुसऱ्यात 400. खरी काळजी दुसऱ्या वॉर्डाची.

दुसरी सावधगिरी तपासणीची. जिथे शोध घेतला तिथे रुग्ण सापडतात. आशा कार्यकर्ती जिथे दारोदार फिरते ती वस्ती लाल दिसते, आणि जिथे लोक मेडिकलवरून खोकल्याचं औषध घेऊन गप्प बसतात तो भाग कोरा राहतो. टीबीची नोंद सरकारला कळवणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, पण न झालेलं निदान कोण कळवणार? कोरा भाग म्हणजे निरोगी भाग असं समजणं ही सर्वात महागात पडणारी चूक.

तिसरी सावधगिरी पत्त्याची. खरगोन-बडवानीहून मनोरमा राजे टीबी रुग्णालयात आलेला माणूस इंदुरातल्या नातेवाइकाचा पत्ता देऊ शकतो. भंवरकुआँतल्या मुलाच्या आधारवर रीवा असतं. आणि खरा पत्ता असला तरी तो झोपण्याच्या जागेचा असतो, संसर्गाच्या जागेचा असेलच असं नाही. म्हणून निदानाच्या वेळी गेल्या सहा महिन्यांत रोज सर्वात जास्त तास कुठे काढले हे विचारून नोंदवलं, तर दोन-तीन रुग्णांत एकच कोचिंग क्लास किंवा एकच कारखाना निघतो आणि काम सोपं होतं.

"हा झोपडपट्टीचा आजार आहे"

दाट वस्तीत प्रमाण जास्त असतं हे खरं, कारण तिथे दोन्ही धोके एकत्र येतात: कोंदट खोली आणि अर्धपोटी शरीर. पण हवा पत्ता विचारत नाही. बंद एसीच्या कार्यालयात बसणारा, साखर 250 असलेला पन्नाशीचा माणूसही त्याच दोन धोक्यांच्या मध्ये उभा असतो. अशा घरांत निदानाला उशीर होतो तो याच समजुतीमुळे: टीबीचा विचारच कुणी करत नाही.

"लहानपणी बीसीजी टोचली होती"

ती टोचायलाच हवी. लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्व शरीरात पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं संरक्षण देते. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा धरता येत नाही.

"खोकला नाही, मग टीबी कसा?"

राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुटले असते. नुसती लक्षणं विचारून भागत नाही. दुसऱ्या बाजूला, लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. त्यांनी दुखणं अंगावर काढलं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त: यांतलं काहीही असेल तर बेडका तपासावा. तपासणी नॅट पद्धतीची मागावी. तिच्यात जंतूची जनुकीय खूण शोधतात, निकाल साधारण एक-दोन तासांत तयार होतो आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही हेही कळतं. सरकारी केंद्रात ती मोफत आहे.

नमुना नीट दिला नाही तर चांगलं यंत्रही चुकतं. साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत, मग छातीतून खोकून 2 ते 5 मिलिलिटर घट्ट बेडका डबीत घ्यावा. पातळ लाळ चालत नाही. सकाळी उठल्याबरोबरचा नमुना सर्वात चांगला. हे उघड्यावर किंवा गच्चीवर करावं, संडास-बाथरूममध्ये नाही, कारण तिथली हवा नंतर घरातले सगळे घेतात.

आणखी एक सांगायला हवं. खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं परस्पर घेऊ नयेत. ती टीबीच्या जंतूला थोडं दाबतात, रुग्णाला चार दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाही आणि निदान आठवड्यांनी लांबतं. त्या काळात घरातले आणि वर्गातले श्वास घेतच असतात.

घरात रुग्ण निघाला तर

नेहमीच्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं, रोज. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 किलोला चार. उपचारात वजन वाढून पुढच्या गटात गेलं तर गोळ्याही वाढवाव्या लागतात, म्हणून दर महिन्याला वजन करून घ्यावं. लघवी नारिंगी होते. त्याला घाबरू नये. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि गोळ्या अर्धवट सोडण्याची चूक बहुधा तिथेच होते. नंतर जो टीबी उलटतो तो औषधांना दाद न देणारा असू शकतो.

जंतू औषधाला दाद देणारा असेल तर नियमित गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता खूप घटते. तोवर रुग्णाने मास्क लावावा, हवेशीर खोलीत एकट्याने झोपावं, दिवसा गच्चीत किंवा ओट्यावर बसावं. जेवण मात्र सगळ्यांबरोबर, मोकळ्या हवेत.

आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये मिळतात. झारखंडच्या अभ्यासात रुग्णांना रोज सुमारे 1,200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं जास्तीची दिली होती. शंभर ग्रॅम फुटाणे, अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी यांतून जवळपास तेवढी प्रथिनं मिळतात, अर्थात नेहमीच्या पोळी-भाजी-वरणाच्या वर. त्याच अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 61 टक्क्यांनी कमी दिसलं.

घरातल्या प्रत्येकाची लक्षणांची चौकशी आणि छातीचा एक्स-रे व्हावा. आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार मिळतो: आयसोनियाझिडची गोळी रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा असे बारा डोस. आधी खात्री करणं आवश्यक, कारण आजार असताना एकट्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या तर जंतू त्यांना सरावतो. पाच वर्षांखालच्या मुलांना, एचआयव्ही असलेल्यांना आणि घरातल्या मधुमेहींना यात मागे ठेवू नये. कुठे जायचं ते कळत नसेल तर 1800-11-6666 या निक्षय हेल्पलाइनवर मोफत विचारता येतं. रुग्ण खासगी डॉक्टरकडे असला तरी सरकारी औषधं, तपासण्या आणि पोषणाचे पैसे त्याला मिळू शकतात; डॉक्टरांकडे निक्षय क्रमांक मागावा. तो रुग्णाच्या नावावर काढलेला असतो, आणि शहर बदललं तरी त्याच क्रमांकावर उपचार पुढे चालू राहतात.